फ्रेड कीनर: १९२७ चा कप कर्तबगारीचा की नशिबाचा?

रानवारा:
१९२७ साली वेल्सच्या कार्डिफ सिटीने आर्सेनलला १-० ने हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडचा फुटबॉलचा बाद फेरीचा कप, वेल्समध्ये नेला. इंग्लंडबाहेरच्या क्लबला हे ना त्याआधी जमलं, ना आजवर. तरी दरवेळी कोणीतरी म्हणतंच, ‘नशिबाने मिळाला.’ माझ्या मते दोन महायुद्धांमधल्या काळात वेल्सला कर्णधार कीनरएवढा मोठा खेळाडू झाला नाही. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत त्याच्या पायाला जखम झाली. तोच पाय घेऊन तो परतला आणि १९२१ मध्ये संघाबरोबर पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे इंग्लिश लीगच्या सगळ्यात वरच्या गटात पोचला. वेल्सकडून ३२ सामने खेळला ते वेगळंच.

कडूनिंब:
अहो, तो गोल आठवा. कार्डिफच्या फर्ग्युसनचा फटका साधा होता. आर्सेनलचा गोलरक्षक डॅन लुईस याने खाली बसून चेंडू धरलाही होता. लेन डेव्हिस अंगावर धावून येतोय म्हणून तो वळला, चेंडू हातातून निसटला आणि त्याच्याच कोपराने रेषेपार गेला. यात कीनर कुठे आला? कार्डिफच्या अकरा जणांत वेल्सचे तर तिघंच: कीनर, डेव्हिस आणि कर्टिस. उलट चूक करणारा लुईसही वेल्सचाच!

रानवारा:
गोल ७४ व्या मिनिटाला झाला. त्यानंतर आर्सेनलला रोखून धरलं ते कोणी? आणि नशीबच मोजायचं तर १९२४ पण मोजा. लीगमध्ये हडर्सफील्ड आणि कार्डिफ, दोघांचे गुण ५७. कार्डिफने ६१ गोल केले, ३४ खाल्ले; हडर्सफील्डने ६० केले, ३३ खाल्ले. गुण सारखे असले की तेव्हा केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांचा भागाकार करायचे, त्यात कार्डिफ ०.०२४ ने मागे पडलं. आजच्यासारखी वजाबाकी केली असती तर दोघांचा फरक २७ आणि जास्त गोल म्हणून कार्डिफ विजेता! शेवटच्या सामन्यात बर्मिंगहॅमला डेव्हिसची पेनल्टी हुकली आणि सामना ०-० सुटला.

सह्यकडा:
तुम्ही दोघं कपातच अडकलात. कीनर बघायचा तर ऑक्टोबर १९३० चा, ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावरचा सामना. इंग्लिश क्लबांनी खेळाडू सोडले नाहीत, म्हणून वेल्सचा जवळपास सगळा संघ नवखा. समोर स्कॉटलंड, तेही त्यांच्या घरच्या मैदानावर. त्या पोरांना घेऊन कीनरने १-१ बरोबरी आणली. ‘कीनरचे अनोळखी’ हे नाव तेव्हापासूनचं.

कडूनिंब:
आयब्रॉक्स मान्य. पण ‘सर्वांत मोठा’ हे नाही पटत. त्या १९२७ च्या फायनलमध्ये हरलेल्या बाजूला बॉब जॉन होता, तोही वेल्सचा. पुढे आर्सेनलबरोबर १९३० चा कप आणि तीन लीग विजेतेपदं. कार्डिफ मात्र १९२९ ला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आणि १९३१ ला तिसऱ्यात. मग कर्णधाराचा प्रभाव कुठे गेला?

रानवारा:
कोळशाच्या मंदीने दक्षिण वेल्सचं कंबरडं मोडलं होतं, प्रेक्षक आटले, फर्ग्युसनलाही १९२९ मध्ये डंडीला दिलं. हे कर्णधाराच्या माथी मारू नका. संघ घसरत असताना कीनर १९३१ पर्यंत तिथेच होता. जॉनची पदकं मोजाच, पण त्याला आर्सेनलसारखा क्लब पाठीशी होता, हेही त्याच हिशेबात धरा.