विद्यापीठाने हवामानबदलावर काय करावं? संशोधन की स्वतःच्या आवाराची डागडुजी?

रानवारा

गेल्या आठवड्यात एका विद्यापीठाचा पर्यावरण अहवाल वाचला. नाव देत नाही, कारण असे अहवाल आता सगळीकडेच निघतात. साठेक पानं. छतावरचे सौर पॅनेल, लावलेली झाडं, प्लॅस्टिकबंदी, सायकलींसाठी मार्गिका. हवामानावर तिथे जे संशोधन चालतं, त्याला शेवटची दोन पानं. वाचून मन खट्टू झालं, म्हणून हा धागा.

माझं मत स्पष्ट सांगते. आवार हिरवं करणं चांगलंच, पण ते काम कुठलाही कारखाना किंवा वसाहत करू शकते. पन्नास-साठ वर्षं एकच प्रश्न धरून बसणं विद्यापीठाशिवाय फारसं कुणाला जमत नाही. चार्ल्स कीलिंग यांचंच बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स संस्थेतून त्यांनी १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा आकडा होता दहा लाख भागांत साधारण ३१५, आज ४२० च्या वर आहे. हे कुणीतरी चिकाटीने मोजत राहिलं म्हणूनच आपल्याला कळलं. १९६४ मध्ये निधी आटला आणि काही महिने मोजणीच बंद पडली. त्या आलेखातली ती मोकळी जागा बघितली की मला आजही चुटपुट लागते. ते महिने पुन्हा कुणालाच मोजता येणार नाहीत.

पॅनेल पुढच्या वर्षीही बसवता येतील. म्हणून पैसा कमी असेल तर आधी संशोधनाला द्या.

प्रयोगशाळेतली

कीलिंग यांच्याबद्दल शंभर टक्के सहमत, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. संशोधन काही हवेत होत नाही हो. ते ज्या इमारतीत होतं, ती आवारातली सगळ्यात खादाड इमारत असते.

मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत. आमच्याकडचा नमुने गोठवून ठेवायचा उणे ८० अंशांचा फ्रीझर डोळ्यांसमोर आणा. दार उघडलं की आत बोटभर जाडीचा बर्फ, त्यात रुतलेले पुठ्ठ्याचे डबे, डब्यांवर शाई उडालेली अक्षरं. निम्मे नमुने अशा विद्यार्थ्यांचे, जे पदवी घेऊन कधीच निघून गेले. टाकायचं धाडस कुणाला होत नाही, म्हणून फ्रीझर चालू. असा एक जुना फ्रीझर साधारण एका घराइतकी वीज खातो. तापमान उणे ८० ऐवजी उणे ७० ठेवलं तर वीज तीस टक्क्यांच्या आसपास वाचते, आणि बहुतेक नमुन्यांना त्याने काही होत नाही.

फ्यूम हूडचं तर विचारूच नका. विषारी वाफा ओढून बाहेर टाकायचं कपाट ते. वाफांबरोबर खोलीतली गरम किंवा थंड केलेली हवाही ते रात्रंदिवस बाहेर फेकतं. समोरची काच खाली ओढली की नव्या हूडमध्ये हवेचा उपसा कमी होतो. जुन्यांत होत नाही, तिथे यंत्रणाच बदलावी लागते. हार्वर्डमध्ये काच खाली ठेवण्यासाठी प्रयोगशाळांच्या स्पर्धा घेतल्या गेल्या. मी स्वतः रोज निघताना सगळ्या काचा खाली करायचे. सकाळी आले की निम्म्या पुन्हा वर. हे काम 'कुठलीही वसाहत' करू शकत नाही, रानवारा. हे आमच्याच गळ्यात आहे.

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादाला +१. एक भर घालतो.

झाडं आणि सायकली अहवालात का दिसतात? कारण त्यांचे फोटो निघतात. खरं उत्सर्जन जमिनीखालच्या नळांत आणि बॉयलरच्या खोलीत असतं. थंड प्रदेशातल्या अनेक मोठ्या विद्यापीठांचं स्वतःचं गॅसवरचं ऊर्जाकेंद्र असतं, आणि त्याची वाफ नळांतून इमारतींना जाते. स्टॅनफर्डमध्ये १९८७ पासून असंच केंद्र होतं. त्यांच्या लक्षात आलं की वर्षातला बराच काळ एका इमारतीला थंडावा लागतो आणि त्याच वेळी दुसरीला ऊब. म्हणजे एकीकडून काढलेली उष्णता बाहेर फेकायची आणि दुसरीकडे गॅस जाळायचा! २०१५ मध्ये त्यांनी ते केंद्र बंद केलं, वाफेऐवजी गरम पाण्याचे नळ टाकले आणि फेकून दिली जाणारी उष्णताच फिरवायला लागले.

याउलट 'कार्बन न्यूट्रल' हा शिक्का. दुसरीकडे कुणीतरी जंगल राखलं म्हणून त्याचे क्रेडिट विकत घ्यायचे आणि आपल्या धुरातून वजा करायचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत कार्बन न्यूट्रल होऊ. पुढे त्यांनीच धोरण बदललं आणि क्रेडिटपेक्षा प्रत्यक्ष उत्सर्जन घटवण्यावर भर दिला. उशिरा का होईना, हे प्रामाणिक वाटलं. विमानप्रवास मात्र अजूनही बहुतेक ताळेबंदांत नीट येत नाही.

रानवारा

फ्रीझरचा मुद्दा पटला, मागे घेते तेवढं. पण हिशेबनीस, स्टॅनफर्डचा दाखला सगळ्यांना कसा लागू होईल? त्यांच्याकडे गडगंज पैसा आहे. सामान्य विद्यापीठाने नळ उखडायला घेतले तर आधी कात्री लागेल ती क्षेत्रीय अभ्यासालाच. पाऊस मोजणारी केंद्रं, नदीच्या गाळाचे नमुने, ही कामं दिसत नाहीत म्हणून पहिल्यांदा मरतात. माझी भीती ती आहे.

काटकोन

तुम्ही सगळे विजेवर बोलताय, देणगीवर कुणीच नाही. स्टॅनफर्डलाच २०२२ मध्ये गुंतवणूकदार जॉन डोअर यांच्या १.१ अब्ज डॉलरच्या देणगीतून शाश्वततेचं नवं स्कूल (विद्याशाखा) मिळालं, आणि ते तेल कंपन्यांचे पैसे घेणार का यावरून पहिल्याच वर्षी वाद पेटला. हवामानाचं संशोधन कुणाच्या पैशावर चालतं, हे मला छतावरच्या पॅनेलपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

हिशेबनीस

काटकोन, मुद्दा रास्त आहे, पण त्यावर वेगळा धागा काढा, इथे फाटे फुटतील.

रानवारा, तुमच्या भीतीवर माझं उत्तर अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ. २००० सालापासून ते शेजारच्या कायुगा तलावाच्या तळाशी असलेलं गार पाणी वर आणून आवार थंड करतात. तलावाचं पाणी आणि इमारतींचं पाणी हीट एक्स्चेंजरमध्ये शेजारून वाहतं, एकमेकांत मिसळत नाही. थंडाव्याला लागणारी वीज ८० टक्क्यांहून अधिक घटली. २०२२ मध्ये त्यांनी आवारातच सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणलं, जमिनीतल्या उष्णतेवर इमारती तापवता येतील का ते बघायला. आता हे विवर संशोधन म्हणायचं की डागडुजी? खोलीनुसार खडक किती तापलेला आहे, पाणी झिरपतं का, हे भूशास्त्रज्ञाला हवंच आहे आणि बॉयलर चालवणाऱ्यालाही. खर्च एकच.

रानवारा

हे विवर आवडलं मला. असं काही असेल तर माझा विरोध नाही. एक अट मात्र धरते: मोजमापं उघडी ठेवा, फसलेली सुद्धा. विवर कोरडं निघालं तर तेही छापा, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाचे पैसे वाचतील. काहीच वाया गेलं नाही असं दाखवणारे अहवाल नकोत.

प्रयोगशाळेतली

मंजूर. मग मोजण्यापासूनच सुरुवात करू. कितीतरी ठिकाणी अख्ख्या आवाराला मिळून एकच वीजमीटर असतो, त्यामुळे कुठल्या विभागाने किती वापरली ते कुणालाच माहीत नसतं. आमच्या इमारतीला स्वतंत्र मीटर लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात दिसलं की मध्यरात्रीचा आकडा भर दुपारच्या आकड्यापेक्षा फारसा खाली येत नाही. इमारतीत तेव्हा माणूस नव्हता. फ्रीझर आणि हूड होते. त्यानंतर पहिल्यांदा विभागप्रमुखांनी जुन्या नमुन्यांची यादी करायला परवानगी दिली. तोवर मी तीन वर्षं मागत होते.

इथे विद्यापीठांत काम करणारे बरेच जण दिसतात. तुमच्या इमारतीला स्वतंत्र मीटर आहे का, आणि त्याचा रात्रीचा आकडा कुणी बघतं का?