मदत हवी आहे: लेव्हल्स ओढल्या की फोटोतलं धुकंच जातं. हिस्टोग्राम वाचायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आषाढी वारीत माउलींची पालखी दिवे घाट चढली त्या दिवशी मी सकाळपासून वरच्या वळणावर जागा धरून बसले होते. दुपारी ढग एकदम खाली उतरले. जवळचे वारकरी स्पष्ट, पलीकडचे नुसते आकार आणि त्यामागे काहीच नाही. चारेकशे फोटो काढले, त्यातल्या तीनवर माझा जीव आहे आणि तिन्ही अडलेत.

पहिला त्या धुक्याचा. गिम्प या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स (फोटोतला उजेड-अंधार कमीजास्त करायची खिडकी) उघडल्या तर तिथल्या आलेखाचा, म्हणजे हिस्टोग्रामचा, सगळा डोंगर ७८ ते २०५ च्या मधे, दोन्ही टोकं रिकामी. एका व्हिडिओत सांगितलं होतं की डोंगर सुरू होतो तिथे काळा त्रिकोण आणि संपतो तिथे पांढरा त्रिकोण आणायचा. तसं केलं. धुकं गेलं, भर उन्हातला घाट झाला. आभाळात पट्टे पडले आणि परत हिस्टोग्राम बघितला तर त्याचे कंगव्यासारखे दात झालेले.

दुसरा एका विणेकरी बाबांचा. धोतर, सदरा, टोपी सगळं पांढरंशुभ्र, पण फोटोत करडं आलंय. हा फोटो छापून त्यांच्या दिंडीत पोचवायचं मी कबूल केलंय, म्हणून याची घाई जास्त. एक प्रिंट काढून बघितली, ती स्क्रीनपेक्षा खूपच काळपट आली.

तिसरा पताकेचा, अगदी जवळून. भगवा रंग सपाट झालाय, कापडाच्या चुण्या दिसतच नाहीत. गंमत म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या आलेखात उजवीकडे भरपूर जागा होती. गिम्प मात्र उजव्या कडेला भिंत दाखवतोय. दोघांतलं खरं कोण?

रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ माहिती) आणि जेपेग (त्यातून कॅमेऱ्याने बनवलेला तयार फोटो) दोन्ही आहेत. आत्तापर्यंत सगळं जेपेगवरच केलं.

प्रतिसाद १

व्हिडिओतला नियम उन्हातल्या फोटोंचा आहे. धुक्याला लावू नका.

प्रतिसाद २

जरा सविस्तर लिहितो, कारण मीही बरेच दिवस हिस्टोग्रामकडे प्रगतिपुस्तकासारखं बघायचो. डोंगर मधोमध आणि दोन्ही टोकांना टेकलेला म्हणजे पास, असं डोक्यात बसलं होतं.

मतमोजणीत जसे मतपत्रिकांचे गठ्ठे लावतात तसं समजा. ० ते २५५ असे २५६ गठ्ठे. प्रत्येक पिक्सेल आपापल्या उजेडाप्रमाणे एका गठ्ठ्यात जातो. गठ्ठा जितका उंच तितके त्या उजेडाचे पिक्सेल जास्त. तो पिक्सेल आभाळातला की टोपीचा, हे आलेख सांगत नाही.

आता धुकं. तुमच्या आणि लांबच्या माणसाच्या मधल्या थेंबांवर उजेड विखुरतो आणि काळ्या गोष्टींवरही पांढरट पडदा चढतो. म्हणून लांबची काळी घोंगडीसुद्धा करडीच दिसते. डावं टोक रिकामं आहे ते यामुळे. तुम्ही ७८ ला शून्य केलंत, म्हणजे तो पडदाच काढून टाकलात.

काळा त्रिकोण ४० वर आणि पांढरा २३५ वर ठेवून बघा. ७८ चे साधारण ५० होतील, २०५ चे २१६. उठाव येईल, धुकंही राहील. मधला त्रिकोण १.०० वरून डावीकडे नेलात तर मधले टोन उजळतात, टोकं जागची हलत नाहीत. तो शेवटी, अगदी थोडा हलवा.

दात का पडले? ७८ ते २०५ म्हणजे १२८ गठ्ठे. ते तुम्ही २५६ जागांवर पसरवलेत, म्हणून एकाआड एक जागा रिकामी राहिली. माणसांच्या गर्दीत हे कळत नाही, पण आभाळासारख्या सावकाश बदलणाऱ्या भागात लगेच पट्टे दिसतात. जेपेगमध्ये उजेडाच्या या २५६च पायऱ्या, रॉमध्ये मात्र १२ बिटला ४०९६ असतात, १४ बिटला १६३८४. डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये रॉ उघडा, १६ बिटची टिफ (जास्त पायऱ्या जपणारी फाइल) काढा आणि तीच गिम्पमध्ये आणा. जेपेगलाच १६ बिट केलंत तर गेलेल्या पायऱ्या परत येत नाहीत.

प्रतिसाद ३

पताकेबद्दल. ताई, कॅमेरा आणि गिम्प दोघंही खरंच सांगताहेत, फक्त मोजतात वेगळं.

बऱ्याच कॅमेऱ्यांत मागे दिसणारा एकरंगी आलेख एकूण उजेडाचा असतो. त्यात लालचा वाटा साधारण ०.३०, हिरव्याचा ०.५९ आणि निळ्याचा ०.११. गिम्पच्या लेव्हल्समधली 'व्हॅल्यू' मात्र तिघांतला सर्वांत मोठा आकडा घेते. भगव्याचा एक पिक्सेल धरा: लाल २५५, हिरवा १२०, निळा २०. कॅमेऱ्याच्या हिशेबाने तो १५० च्या आसपास बसतो, म्हणजे निवांत मधेच. गिम्पच्या हिशेबाने २५५, थेट भिंतीवर. चुण्यांचा फरक लाल चॅनेलमध्ये, म्हणजे लालच्या आकड्यांत, होता आणि तोच छाटला गेला. गिम्पमध्ये व्हॅल्यूच्या जागी 'रेड' निवडा, लगेच दिसेल.

ढगाळ व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सेटिंग) लावला होता का? तो लाल आणखी वाढवतो. तसं असेल तर आशा आहे, रॉमध्ये लाल शाबूत असू शकतो. डार्कटेबलमध्ये एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) खाली घेऊन बघा. जेपेगमध्ये लेव्हल्सने काही होणार नाही, २५५ चे २३० केले तरी सपाट ते सपाटच. पुढच्या वेळी कॅमेऱ्यात तीन रंगांचे वेगवेगळे आलेख चालू ठेवा. झेंडूची फुलं, कुंकू, भगवं कापड यांना त्याशिवाय पर्याय नाही.

प्रतिसाद ४

विणेकरी बाबांचं धोतर करडं येण्यामागे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर आहे. समोरचं सगळं सरासरी १८ टक्के करडं असावं असं धरून तो चालतो. चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली की तो उजेड कमी करतो. तिथेच एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवायला हवा होता.

आता पांढरा त्रिकोण आत घ्या, पण धोतर २५५ वर नेऊ नका, चुण्या मरतील. २३५-२४० ला थांबा. आणि या फोटोत तुमच्याकडे खरा काळाही आहे: कपाळावरचा बुक्का. जवळचा फोटो असल्याने मधे धुक्याचा पडदा नाही. बुक्का १५-२० वर येईल इतकाच काळा त्रिकोण सरकवा. चेहरा मधल्या त्रिकोणाने बघा, सुरकुत्या जपून.

प्रिंट काळपट येण्याचं कारण बहुतेक वेळा स्क्रीनचा पूर्ण वाढवलेला उजेड. तो निम्मा करा, आकडे बघून काम करा आणि मोठी प्रिंट काढण्याआधी ४ बाय ६ ची चाचणी घ्या.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री रॉपासून पुन्हा सुरुवात केली. व्हाइट बॅलन्स ढगाळच होता! एक्स्पोजर उतरवल्यावर पताकेच्या चुण्या आल्या, काठाची शिवणसुद्धा दिसतेय. टोकाला दोन बोटांएवढा भाग अजून सपाट आहे, तिथे रॉमध्येही लाल संपलाय.

धुक्याला ४० आणि २३५ वर ठेवलं. मला २३५ पेक्षा २४० बरं वाटलं, मागचे आकार अजून थोडे विरघळतात.

बाबांच्या फोटोत बुक्का १८ वर, टोपी २३८ वर. वीणेच्या भोपळ्यावरची चमक मात्र २५५ ला टेकतेय, ठिपक्याएवढी. ती तशीच ठेवू का?

प्रतिसाद ४

खुशाल ठेवा. चमक आहे ती, तिच्यात दाखवण्यासारखं काही नव्हतंच. चाचणी प्रिंट दिवसाउजेडी खिडकीत धरून बघा आणि इथे कळवा.