ऐकिदोतल्या ‘की’ला मराठीत काय म्हणायचं?

घोळात घोळ

मंडळी, मदत हवी आहे. आमच्याकडे ऐकिदो या जपानी युद्धकलेचा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या बाई इंग्रजीतून शिकवतात. आता शाळकरी पोरांची तुकडी सुरू होते आहे आणि त्यातली निम्मी मराठी शाळेतली आहेत, म्हणून सूचना मराठीत लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पत्रकात कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय : ‘शारीरिक बळाऐवजी मृदू आंतरिक ऊर्जेचा वापर करण्यास शिका.’ हे वाचून सहावीतलं पोरगं नेमकं काय करणार, मला कळत नाही.

यातली ‘ऊर्जा’ म्हणजे मूळ जपानी शब्द ‘की’. तो तसाच ठेवावा तर मराठीत वाक्य होतं ‘मी सांगितलं की की सोड’. शिवाय पोरांच्या डोक्यात ‘की’ म्हणजे गाडीची किल्ली. ‘प्राण’ लिहिलं तर पालक विचारतात, हा योगाचा वर्ग आहे का? ‘शक्ती’ म्हटलं की पोरं लगेच दंड फुगवून दाखवतात. ‘कोक्यू’चाही (शब्दशः श्वास) असाच घोळ. आणि ‘जोर नको’ हे कसं सांगायचं, तेही सुचवा.

खडीसाखर

प्राणशक्ती! संस्कृतात इतका नेमका शब्द असताना आपण उगाच का शोधत बसतो?

मास्तर (निवृत्त)

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे ‘आंतरिक ऊर्जा’ दिसली की हात शिवशिवतात. आमच्या पुस्तकांत बल वेगळं, कार्य वेगळं, ऊर्जा वेगळी, शक्ती वेगळी. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. तुमच्या पत्रकात ‘बळाऐवजी ऊर्जा’ आहे, म्हणजे न्यूटनऐवजी ज्यूल वापरा असं झालं!

चेष्टा सोडा. ऐकिदोवाले तो न वाकणाऱ्या हाताचा प्रयोग करून दाखवतात ना, त्यात काय होतं ते पाहा. हात पुढे करायचा, कोपर किंचित वाकलेलं, मनगट जोडीदाराच्या खांद्यावर. जोडीदार दोन्ही हातांनी कोपराच्या खोबणीत दाबून हात दुमडू पाहतो. पहिल्या वेळी आपण मूठ आवळून, दात-ओठ खाऊन ताठ धरतो आणि हात वाकतो. दुसऱ्या वेळी मूठ उघडायची, बोटं लांब करायची, नजर समोरच्या भिंतीवर ठेवायची आणि पाइपातून पाणी जावं तसं बोटांतून काहीतरी बाहेर चाललंय असं मनात आणायचं. हात वाकत नाही, किंवा वाकवताना समोरच्याला घाम फुटतो.

कारण साधं आहे. मूठ आवळली की दंडाची बेडकुळीही आवळते, आणि बेडकुळीचं कामच मुळी कोपर दुमडणं. म्हणजे आपला अर्धा दंड समोरच्याला मदत करतो. बोटं मोकळी सोडून लांब केली की काम दंडाच्या मागच्या स्नायूकडे जातं, पुढचा गप्प बसतो. जोर नाहीसा होत नाही, आपसातली मारामारी थांबते. यात गूढ काही नाही.

घोळात घोळ

मास्तर, पटलं. पण पोराला ‘बेडकुळी सैल सोड आणि मागचा स्नायू वापर’ म्हटलं तर ते बेडकुळीकडेच बघत बसतं आणि ती आणखी आवळते. ‘पाणी वाहू दे’ म्हटलं की जमतं. कारण तुमचं खरं असेल, सूचना बाईंची चालते.

मास्तर (निवृत्त)

हे मान्य. फक्त सूचनेला ‘ऊर्जा’ म्हणून विज्ञानाच्या दारात उभं करू नका.

उगवतीकडची

मी कामानिमित्त बरीच वर्षं जपानात आहे, दोजोमध्येही (म्हणजे सरावाच्या जागी) जाते. एक सांगते : इथल्या माणसाला ‘की’ हा शब्द मुळीच गूढ वाटत नाही. दिवसातून शंभरदा तोंडात येतो. हवामान म्हणजे ‘तेन्की’, तब्येत ठणठणीत म्हणजे ‘गेन्की’. ज्याचा ‘की’ आखूड तो तापट. दोघांचा ‘की’ जुळतो म्हणजे त्यांचं पटतं, आणि त्या ‘जुळणं’साठी जे चिन्ह लिहितात तेच ऐकिदोतलं ‘ऐ’. एखादं काम नको वाटतं तेव्हा म्हणतात ‘की गा ओमोई’, म्हणजे ‘की’ जड झाला. आपण काय म्हणतो? जिवावर येतं. पोरगं रात्री उशिरापर्यंत घरी आलं नाही तर ‘की गा की दे नाई’, शब्दशः ‘की’ हा ‘की’ राहिला नाही. आपल्याकडे? जिवात जीव नाही!

तेव्हा माझं मत ‘जीव’ला. ऊर्जा नको, प्राण नको, शक्ती तर नकोच. आणि तो ‘आंतरिक’ही काढा. दोजोत सांगतात ‘की ओ दासु’, म्हणजे ‘की’ बाहेर सोडणं. आत साठवून ठेवायची भानगडच नाही.

उंटावरचा शहाणा

बाई, दाखले झकास आहेत, पण गादीवर वापरून पाहा. ‘हातातून जीव सोड.’ पोर मरायचं की! आणि ‘जीव खाऊन ओढलं’ म्हणजे होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं. तुम्हाला हवंय त्याच्या नेमकं उलट.

उगवतीकडची

‘सोड’ नका लावू हो. ‘ओत’ लावा, ‘ठेव’ लावा. ‘बोटांत जीव ठेव.’ यात मऊपणा आहे आणि हात लुळाही पडत नाही. नवख्यांची खरी अडचण तीच असते. ‘जोर नको’ म्हटलं की हात मेल्यासारखा लोंबतो. असा हात धरून जोडीदाराला काहीच कळत नाही, आणि आपल्यालाही नाही.

तालीमवाला

राम राम. मी ऐकिदो केलेला नाही, पण लहानपण तालमीत गेलंय म्हणून बोलतो.

पहिली गोष्ट. ‘जोर काढून टाका’ असं चुकूनही लिहू नका. आमच्याकडे ‘जोर काढ’ म्हटलं की गडी जमिनीवर हात टेकून सपाटे सुरू करतो. जोर-बैठका काढतातच.

वस्ताद एवढंच म्हणायचे, ‘अंग सैल सोड.’ ढिलं नव्हे. ढिला माणूस उचलून आपटता येतो, सैल माणूस हाताला लागत नाही. ‘ढिला’ ही शिवी आहे, ‘सैल’ ही सूचना. अंगात माज घेऊन, ताठ होऊन उभा राहिलेला पैलवान ढाक या डावावर अलगद येतो, कारण त्याचं सगळं वजन त्यानंच एका बाजूला नेऊन ठेवलेलं असतं. आपण फक्त कंबर आत घालायची. तेव्हा ‘समोरच्याचा जोर वापरणं’ ही काय फक्त जपान्यांची मिरास नव्हे. मात्र आम्ही चितपट करेपर्यंत थांबत नाही, आणि तुमच्यात म्हणे लढतीच नसतात. मग सैल कोण आणि ढिला कोण हे ठरवतं कोण?

उगवतीकडची

मोठ्या प्रवाहात लढती नाहीत हे खरं. केन्जी तोमिकी यांनी स्पर्धा आणली, त्यांची शाखा वेगळी आहे. बाकी ठिकाणी जोडीदार आलटून पालटून हल्ला करतात आणि पडतात. तुमचा टोमणा रास्त आहे. जोडीदार आपण होऊन पडायला लागला की ‘की’च्या नावाखाली काहीही खपतं, मीही पाहिलंय. प्रामाणिक जोडीदार मनगट घट्ट धरतो आणि चुकीच्या दिशेला गेलात तर हलत नाही.

‘सैल’ मात्र मी आजच उचलला. इथे दर दोन मिनिटांनी ऐकू येतं ‘काता नो चिकारा ओ नुइते’, म्हणजे खांद्यातला जोर काढा. ‘काढा’ म्हटलं तर तुमचे गडी सपाटे मारतील, म्हणून ‘खांदे सैल’. दोन शब्दांत काम झालं.

खडीसाखर

पण संस्थापकांनी तर विश्वाची ऊर्जा, प्रेम वगैरे सांगितलंय ना? तुम्ही सगळे त्याला स्नायूंवर आणून ठेवताय.

उगवतीकडची

सांगितलंय, नाकारत नाही. मोरिहेई उएशिबा, जन्म १८८३, वाकायामातल्या तानाबेचे. ओमोतो या पंथाचा त्यांच्यावर खोल परिणाम होता, आणि ‘जुळणं’ या अर्थाच्या ‘ऐ’चा उच्चार ‘प्रेम’ या अर्थाच्या ‘ऐ’सारखाच, हा धागा त्यांनी पुढे बराच ओढला. पण गृहस्थ नुसते ध्यान करत बसले नव्हते. १९१२ साली वसाहतकऱ्यांचा जथा घेऊन होक्काइदोतल्या शिराताकीला गेले, जंगल तोडून शेती केली. होक्काइदोतच १९१५ मध्ये सोकाकू ताकेदांची गाठ पडली आणि त्यांच्याकडून दाइतो-र्यू ही जुजुत्सूची शैली शिकले. उंचीनं पाच फुटांच्या थोडे वर, पण ताकद जबर. ‘जोर नको’ हे आधी जोर कमावलेल्या माणसाचं म्हणणं आहे. ऐकिदो हे नाव तर १९४२चं.

शिष्यांनी प्रत्येकानं आपापला भाग उचलला. कोइची तोहेइ यांनी ‘की’ हाच गाभा धरला, १९७१ मध्ये ‘की’ची वेगळी संस्था काढली आणि १९७४ मध्ये मूळ संस्था सोडली. त्यांची चार सूत्रं प्रसिद्ध आहेत, तुमच्या पत्रकाला उपयोगी पडतील. माझ्या मराठीत : बेंबीखाली एका ठिकाणी मन स्थिर ठेवा. सगळ्या अंगातला जोर जाऊ द्या. प्रत्येक अवयवाचं वजन त्याच्या खालच्या बाजूला असू द्या. ‘की’ बाहेर वाहू द्या. मधली दोन तर निव्वळ शरीराला दिलेल्या सूचना आहेत.

उंटावरचा शहाणा

वजन खालच्या बाजूला म्हणजे? वजन खालीच असतं की.

घोळात घोळ

हे मी करून पाहिलंय. हात आडवा पुढे धरा. मन हाताच्या वरच्या बाजूला, मनगटाच्या पाठीवर ठेवलं तर खालून कुणी उचलला की खांद्यासकट वर जातो. मन तळहाताकडे, कोपराच्या टोकाकडे ठेवलं तर तोच हात जड लागतो. खांदा खाली उतरतो, कोपर खाली लोंबतं, बस्स.

आता कोक्यू राहिला. शेवटी शेवटी आम्ही वज्रासनात समोरासमोर बसतो. जोडीदार दोन्ही मनगटं धरतो आणि आपण त्याला बाजूला लोळवायचं. हात ढकलले की दोघंही रेड्यासारखे भिडून राहतात. कोपरं बरगड्यांजवळ घेऊन बोटं उघडली, हात खालून वर त्याच्या खांद्याकडे नेले, तर त्याची कोपरं उचलली जातात, बूड हलतं आणि तो कलंडतो. याला म्हणतात ‘कोक्यूहो’. आता ‘श्वासपद्धती’ लिहू? पोरं नाक धरून अनुलोम-विलोम करायला लागतील.

तालीमवाला

‘दमानं’ लिहा की राव.

घोळात घोळ

म्हणजे?

तालीमवाला

दम म्हणजे श्वासच ना? आणि ‘दमानं घे’ म्हणजे घाई नको, रेटारेटी नको, अंदाज घेत कर. बैल बुजला असेल तर म्हातारा गाडीवान सांगतो, ‘दमानं घे.’ श्वास आणि सबुरी दोन्ही एकाच शब्दात आले. ‘कोपरं जवळ, दमानं वर.’ पोरांना समजावून सांगायचीही गरज नाही, घरात रोज ऐकतात.

उगवतीकडची

कमाल! जपानीतही ‘कोक्यू’ म्हणजे श्वास, आणि एखाद्या कामाची नेमकी खुबी किंवा वेळ साधणं यालाही तोच शब्द. ‘श्वासपद्धती’त हा दुसरा अर्थ बिलकुल येत नाही, ‘दमानं’त बराचसा येतो.

उंटावरचा शहाणा

‘दम देणे’ म्हणजे धमकावणे, ‘दम लागणे’ म्हणजे धाप लागणे, हेही नोंदवून ठेवतो.

मास्तर (निवृत्त)

ते नाम झालं. ‘दमानं’ या रूपात घोटाळा होत नाही. शब्द नव्हे, विभक्ती वाचवते.

एक जोड. पोटातून ओरडायला काय म्हणतात, ते ‘कियाई’? कराटेच्या वर्गात पोरं किंचाळतात नुसती, गळ्यातून. त्यांना ‘बेंबीच्या देठापासून’ सांगा. बेंबीखाली मन ठेवायचं ते सूत्रही त्यात आलं.

उगवतीकडची

आणि गंमत म्हणजे ‘कियाई’ आणि ‘ऐकी’ ही तीच दोन चिन्हं, फक्त उलटसुलट.

खडीसाखर

बरं, हरले. पण ‘ऐकिदो’ लिहायचं का ‘आयकिडो’?

मास्तर (निवृत्त)

‘ऐकिदो’. मराठीत ‘ऐ’चा उच्चार ‘अइ’ असाच आहे, आणि जपानी ‘दो’ आपल्या ‘द’ला जवळचा आहे, ‘ड’ला नाही. ज्युदोला आपण सहसा ‘ज्युडो’ करत नाही. कराटेचं ‘ट’ मात्र आता कुणाच्या बापाला सुटायचं नाही.

घोळात घोळ

तर सध्या ‘की’साठी ‘जीव’ (फक्त ‘ठेव’ आणि ‘ओत’बरोबर), ‘जोर नको’साठी ‘खांदे सैल’, कोक्यूसाठी ‘दमानं’ असं बाईंना दाखवतो. एक उरलाच : ‘उके’, म्हणजे ज्याच्यावर डाव होतो तो. ‘पडणारा’ म्हटलं तर कुणी व्हायला तयार होत नाही.

तालीमवाला

‘झेलणारा’?

उगवतीकडची

मूळ अर्थ ‘घेणारा’, तेव्हा ‘झेलणारा’ शोभतो. फक्त हल्लाही तोच करतो, हे पोरांना पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर तो नुसता उभा राहून वाट बघत बसेल.