नव्या गाडीचे पहिले 1000 किलोमीटर: इंजिन जपायचं की त्याला काम द्यायचं?

घाटवळण
नवी गाडी घेतली की 'हजार किलोमीटर साठच्या वर नेऊ नका' हा सल्ला अजूनही मिळतो. माझ्या मते तो अर्धवट आहे. महत्त्व वेगाला नाही, इंजिनावर किती भार येतो आणि आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे) किती, याला आहे.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंग करून, म्हणजे ती बारीक घासून, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यांत ऑइल धरून राहतं. सुरुवातीला पिस्टनच्या रिंगा या रेषांच्या टोकांवर घासतात, टोकं झिजतात आणि रिंग सगळीकडून सारखी टेकते. यालाच रिंगा बसणं म्हणतात. रिंगेचा स्वतःचा ताण यासाठी पुरत नाही. जळणारा वायू वरच्या रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर रेटतो, खरा दाब तो. ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकवून गाडी चालवली तर तो दाब तयारच होत नाही. मग भिंतीवर जळक्या ऑइलचा गुळगुळीत थर धरतो, रेषा भरून जातात आणि गाडी कायमची ऑइल खायला लागते.

म्हणून पेट्रोल गाडीसाठी असं करा. थंड इंजिन 2500 आरपीएमच्या आत ठेवा. तापमानाचा निळा दिवा विझला तरी आणखी पाचेक किलोमीटर तसंच चालवा, कारण कूलंट लवकर तापतं आणि ऑइल उशिरा. त्यानंतर तिसऱ्या गिअरमध्ये 2000 पासून 3500 पर्यंत अर्ध्या ते पाऊण ॲक्सिलरेटरने वेग वाढवा, मग पाय काढून गिअरमध्येच वेग उतरू द्या. रस्ता मोकळा असेल तर हे आठ-दहा वेळा करा. 500 किलोमीटरनंतर 4000 पर्यंत जायला हरकत नाही.

टॉर्क_रेंच
हे वर्णन जुन्या इंजिनांना चपखल बसतं. आता प्लॅटो होनिंग असतं, म्हणजे रेषांची टोकं कारखान्यातच सपाट केलेली असतात. रिंगा पातळ आणि कमी ताणाच्या असतात, बोअरचं, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीचं, मापही फार काटेकोर असतं. रिंगांचं बरंचसं काम गाडी तुमच्या हातात येण्याआधीच झालेलं असतं.

होंडाच्या पुस्तिका काय सांगतात ते पाहा: पहिले 1000 किलोमीटर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, पहिले 300 किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा, आणि ठरलेल्या वेळेआधी ऑइल बदलू नका. तिसऱ्या गिअरच्या कवायतीचा त्यात उल्लेखही नाही. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं धरून चालू नये.

पूर्ण_थ्रॉटल
मग विमानांचं काय? लायकमिंगच्या पिस्टन इंजिनांना पहिला तास 75 टक्के शक्तीवर उडवायला सांगतात, पुढचा तास 65 आणि 75 टक्क्यांत आलटूनपालटून. हळू उडवलं तर बोअर गुळगुळीत होऊन ऑइल जळतं म्हणूनच. नियम तोच, धातूही धातूच. पहिल्या 50 किलोमीटरमध्ये नीट तापलेलं इंजिन जोरात ओढू द्या. ती संधी नंतर मिळत नाही.

टॉर्क_रेंच
तुलना चुकते आहे. ती इंजिनं हवेने थंड होतात, त्यांत पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मोठी असते आणि सुरुवातीचे 50 तास किंवा ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत साधं मिनरल ऑइल वापरतात. आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत पहिल्या दिवसापासून 0डब्ल्यू-20 सारखं पातळ सिंथेटिक ऑइल असतं. शिवाय गाडीत फक्त रिंगा नव्या नसतात. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, क्लच प्लेट, ब्रेक पॅड, सगळंच नवं असतं. टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या लेपाचा अंश असतो, त्यामुळे पहिल्या दीडशे किलोमीटरमध्ये पकड कमी असते, पावसाळ्यात तर फारच. अशा गाडीत पाय पूर्ण दाबणं धोक्याचं आहे.

घाटवळण
पूर्ण थ्रॉटलचा आग्रह माझाही नाही. पण 'पुस्तिका एवढंच म्हणते' यावर थांबता येत नाही, कारण पुस्तिकांचंही आपसांत एकमत नाही. बीएमडब्ल्यू 2000 किलोमीटरपर्यंत आरपीएमची मर्यादा पाळायला सांगते आणि एम मालिकेच्या गाड्यांचं ऑइल तेवढ्यावर बदलून घेते. म्हणजे घासाघीस होते, कण निघतात, हे बनवणाऱ्यांनाही मान्य आहे.

बोअरगेज
तिघांनीही एक मोठी चूक सांगितली नाही: 'जपायचं' म्हणून पाचव्या गिअरमध्ये 1200 आरपीएमवर चढ चढणं. आरपीएम कमी, पण भार प्रचंड. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या पेट्रोल इंजिनात यातून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनवरची रिंग बसायची धार तुटू शकते. 3500 वर सहज फिरणाऱ्या इंजिनापेक्षा हे कितीतरी वाईट. खंबाटकी चढताना तिसरा टाका आणि इंजिनाला फिरू द्या.

एक्सप्रेसवेवर क्रूझ कंट्रोल लावून सलग 100 ने जाणंही पहिल्या हजारात नको. एकाच आरपीएमवर तास काढण्यापेक्षा जुन्या कात्रज घाटासारखा चढउताराचा रस्ता बरा.

आणि डिझेलवाल्यांनी पाय काढण्याच्या युक्तीवर विसंबू नये. पेट्रोलमध्ये थ्रॉटल बंद झाल्यावर सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो आणि ऑइल वर ओढलं जातं. डिझेलमध्ये तसा निर्वात होत नाही. तिथे 1800 ते 3000 मध्ये भार बदलत राहणं पुरेसं.

नवी_पाटी
बीएस6 डिझेल आहे, ऑफिस चार किलोमीटरवर. ऑइल 1000 ला बदलू का?

बोअरगेज
आधी डिपस्टिक पाहा. दर 500 किलोमीटरला, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. चार किलोमीटरच्या फेऱ्यांत डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अर्धवट राहते, त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी उलट वाढते. कमाल खुणेच्या वर गेली तर किलोमीटर न पाहता ऑइल बदला. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर 2000 च्या वर चालवा.

टॉर्क_रेंच
बदलायचंच असेल तर पुस्तिकेतला ग्रेड तंतोतंत घ्या. डीपीएफ असेल तर कमी राखेचं ऑइल, म्हणजे पुस्तिकेत सी2 किंवा सी3 लिहिलं असेल तेच. फिल्टर आणि ड्रेन प्लगचा वॉशरही नवा. बिल जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी लागतं.