बीड जिल्हा: ऊसतोडीची उचल कायद्याने बंद करावी का?

बालाघाट
बीडचा मजूर दिवाळीच्या आगेमागे सांगली, कोल्हापूर, बेळगावकडे निघतो. पण त्याचा हंगाम पावसाळ्यातच विकला गेलेला असतो. नवराबायको मिळून एक कोयता, कोयत्यामागे लाखापर्यंत उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरून तोडणीचा दर टनाला 366 रुपयांवर गेला. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो, म्हणजे दोघांचे मिळून 732 रुपये. लाख फिटायला 273 टन, जवळजवळ 137 दिवस लागतात. गाळप बऱ्याचदा त्याआधीच आटोपतं. वरून खर्चीही, म्हणजे हंगामात खाण्यापिण्याला दिलेले पैसेही, उचलीतच चढते. उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या माथी. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात बसणारा हाच प्रकार आहे. उचल बंदच करा.

कोरडवाहू
हिशोब बरोबर, उपाय चुकला. जूनमध्ये बी-बियाणं, दवाखाना, लग्नाचं देणं कशातून भागवायचं? दोन एकर कोरडवाहूवर बँक कर्ज देऊन देऊन किती देणार? उचल बंद झाली की तोच माणूस सावकाराच्या दारात उभा राहील, आणि तिथे व्याज महिन्याच्या हिशोबाने चढतं.

बालाघाट
उचलीचं व्याज अंगावर वसूल होतं. एक दिवस बसलं की खाडा, त्याचा दंड. म्हणून बाई पाळीतही मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. 2019 मध्ये शासनाच्या समितीपुढे जिल्ह्यातल्या 82 हजारांवर महिलांची पाहणी आली. त्यांत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. याला बिनव्याजी म्हणायचं?

काटापावती
दोघांचंही अर्धं पटतं. दोष पैशाच्या वाटेत आहे. कारखाना वाहतूकदाराला ॲडव्हान्स देतो, वाहतूकदार मुकादमाला, म्हणजे मजूर जमवणाऱ्या ठेकेदाराला, आणि मुकादम मजुरांच्या टोळीला. तोंडी व्यवहार, त्यामुळे मालक म्हणून कुणीच सापडत नाही. मुकादमाने टोळी पाठवली नाही तर वाहतूकदारही बुडतो. वजनाचंही तेच: ट्रक फडात भरतो, काटा कारखान्यावर होतो, पावती चालकाच्या हातात. टोळीला टनेज मुकादमाच्या वहीतून कळतं. आधी प्रत्येक खेपेचं वजन मजुराच्या मोबाइलवर यावं, मजुरी बायकोच्या आणि नवऱ्याच्या खात्यात निम्मी-निम्मी जमा व्हावी.

कोरडवाहू
हे मान्य. त्यात एक भर: उचलीला हंगामात फिटेल एवढीच मर्यादा घाला, आणि खाड्याचा दंड रद्द करा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घ्यायचं ठरलंच आहे. त्यातून जूनचं बिनव्याजी कर्ज द्या.

बालाघाट
ते कर्ज गावात हातात पडू द्या, मग मुकादमाकडे कोण जातं ते बघू. तोवर बंदीची मागणी मी सोडत नाही.