तिला गोळी हवी होती, मी रिकाम्या हातानं परत आलो

उद्यमबागवाला: वय २३, गाव खानापूर तालुक्यात, उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आहे. ती २२ ची, बेळगावात खोली घेऊन शिकते. आमचं दोन वर्षांपासून आहे. जुलैत एका रात्री कंडोम फाटला. सकाळी ती म्हणाली, मेडिकलातून गोळी आण. गेलो, तर काउंटरपाशी आमच्या गावचे काका बीपीच्या गोळ्या घेत उभे. मी खोकल्याच्या वड्या घेतल्या आणि तिला सांगितलं, गोळी संपलीय. शेवटी तीच भर पावसात गेली. दुकानातल्या माणसानं चारचौघांत विचारलं, "लग्न झालंय काय?" तिनं काही न बोलता पैसे ठेवले.

पाळी आली, तसं सगळं ठीक आहे. खरं माझं खोटं तिला कळलं. म्हणाली, "तू काकांना भ्यालास. माझं काय होईल ह्याची भीती नाही वाटली तुला." आता दोघांनी रक्त तपासूया म्हणते. संशय घेते म्हणून आधी राग आला. खरं तिच्याआधी माझं एकदा झालंय, तेही कंडोमशिवाय. तिला माहीत नाही. सांगू काय?

निपाणीकर: जुनं कशाला उकरतोस? गुपचूप एकटा टेस्ट कर. निगेटिव्ह आली की विषय संपला.

सिस्टरताई: नाही संपत. ती गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. म्हणजे तुझ्या त्या एका खोट्यात तिचे तास गेले. आणि गोळीनं गर्भ टळतो, रोग टळत नाही. सरकारी दवाखान्यात आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी फुकट होते. तुमच्या संमतीशिवाय कुणी करत नाही, रिपोर्ट घरी कळवत नाहीत. २०१७ चा कायदाच आहे तसा. संबंध अगदी अलीकडचा असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. गरमी (सिफिलिस) आणि कावीळ-बीचंही विचारा. फोनवर बोलायचं तर १०९७, ही एचआयव्हीची सरकारी हेल्पलाइन. माझ्यासमोर जोडपी बसतात तेव्हा मुली रिपोर्टपेक्षा मुलाच्या तोंडाकडं बघत असतात. सांग तिला.

येळ्ळूरचे गुरुजी: कोलबर्ग नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९५८ च्या प्रबंधासाठी त्यांनी मुलांना पेच घालून विचारलं: बायको मरणाला टेकलीय, औषध परवडत नाही, नवऱ्यानं चोरावं का? उत्तरापेक्षा त्यांना कारण ऐकायचं होतं. त्या कारणांवरून त्यांनी नैतिक विचाराच्या पायऱ्या मांडल्या. शिक्षेची भीती ही अगदी खालची पायरी. लोकांनी चांगलं म्हणावं, ही मधली. तिथंच आयुष्य काढणारे पुष्कळ. तुला तर चोरायचंही नव्हतं बाळा, नुसतं मागायचं होतं. पण दोष एकट्या तुझा नाही. प्रजननाचा धडा मी वर्षानुवर्षं "घरी वाचा" म्हणून सोडला. त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

उद्यमबागवाला: काल किल्ला तलावापाशी बसून सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, मंगळवारी प्रॅक्टिकल नाही, तेव्हा जाऊया. मी सुट्टी टाकलीय.