अ‍ॅडेनॉइड खरवडून झाल्यावर दुर्बिणीनं पाहायचं की नाही?

कान-नाक-घसा, सोलापूर (धागा सुरू करणारे)
आपल्या जिल्ह्यात आजही बऱ्याच ठिकाणी नाकाच्या मागे, घशाच्या वर वाढणारी गाठ, म्हणजे अ‍ॅडेनॉइड क्युरेटनं (खरवडायच्या हत्यारानं), हाताच्या अंदाजावर काढतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे: गाठ कशानंही काढा, पण रक्त थांबवायला दाबून ठेवलेला पॅक काढल्यावर दुर्बिणीनं (एंडोस्कोपनं) पाहिल्याशिवाय ऑपरेशन संपवू नका. कोपनहेगनच्या मायर या डॉक्टरनं १८६८ मध्ये नाकातून धारदार कडं घालून, तोंडातून बोटानं चाचपत ही गाठ काढली. तेव्हा पाहायची सोयच नव्हती. आज आहे.
क्युरेट मागच्या भिंतीवरून सरळ खाली येतं. नाकाच्या मागच्या दारांत घुसलेला भाग आणि युस्टेशियन नळीच्या (नाकामागून मधल्या कानाकडं जाणाऱ्या) तोंडाशेजारचा भाग त्याच्या वाटेतच येत नाही. मग पोर तोंड उघडं टाकूनच झोपतं, कानातलं पाणी हटत नाही.

कान-नाक-घसा, बार्शी
सर, उरतं हे मान्य. पण पाहायला दुर्बीणच कशाला? मृदू टाळू कॅथेटरनं (बारीक रबरी नळीनं) ओढून धरा, कोमट केलेला आरसा घाला, दिसतं. कॅमेरा, प्रकाशस्रोत, मॉनिटर, वर मायक्रोडीब्रायडरचं (फिरत्या पात्यानं कापून तुकडे ओढून घेणाऱ्या यंत्राचं) ब्लेड. ते एकदाच वापरायचं असतं, त्याचा खर्च शेवटी पेशंटच्याच बिलात येतो. चार वर्षांच्या मुलाच्या नाकातून ४ मिमीची दुर्बीण रेटली तर अस्तर सोलतं आणि पुढं नाकाचा मधला पडदा कोंकाला (नाकातल्या बाजूच्या उंचवट्याला) चिकटतो.
आणखी एक. क्युरेट खोल जाऊन स्नायू फाटतो, तो दुर्बीण नसल्यामुळं नव्हे. मान फार मागे टाकली की मानेचा पहिला मणका पुढे येतो. क्युरेट फिरवण्याआधी खांद्याखालची उशी काढा, मान सरळ करा. हे शिकवायला पैसे लागत नाहीत.

कान-नाक-घसा, सोलापूर
उशीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, प्रत्येक रेसिडेंटनं लिहून ठेवावा असा. पण नाकातूनच जायला कोण सांगतंय? तोंड उघडं धरणारा बॉइल-डेव्हिस गॅग लावलेलाच असतो. दोन्ही नाकपुड्यांतून बारीक रबरी कॅथेटर घालून तोंडातून बाहेर काढा, चिमट्यानं धरा, टाळू उचलली जाते. मग ७० अंशाची दुर्बीण तोंडातून, नजर वर. नाकाला धक्काही लागत नाही. नाकातून जायचंच असेल तर २.७ मिमी, आधी झायलोमेटाझोलिनची (नाकाची सूज उतरवणाऱ्या औषधाची) पट्टी ठेवून.
आरशात रक्ताचा एक थेंब पडला की चित्र गेलं. आणि एक हात आरशात अडकल्यावर युस्टेशियन नळीजवळचा तुकडा काढणार कसा?
खरा फरक टाळूत छुपी फट असलेल्या केसमध्ये कळतो. गॅग लावल्यावर आधी बोटानं टाळू तपासा. पडजीभ दुभंगलेली, मधोमध निळसर रेघ, कठीण टाळूच्या मागच्या कडेला खाच, यातलं काही सापडलं तर अस्तराखाली फट असू शकते. अशा मुलाची गाठ पूर्ण काढली तर बोलणं नाकातून येतं, पाणी नाकात चढतं. तिथं वरचा भाग काढून, टाळू जिथं टेकते ती खालची पट्टी ठेवायची असते. वरून खालपर्यंत एका ओढीत काढणाऱ्या क्युरेटला ही पट्टी नेमकी राखणं अवघड आहे.

भूलतज्ज्ञ, सोलापूर
दोघांनाही सांगायचं आहे. १५ किलोच्या मुलाच्या अंगात रक्त साधारण ११०० मिली. डीब्रायडर किंवा कोब्लेशन (सलाइनमधून वीज सोडून गाठ विरघळवणारं यंत्र) चालू असताना सलाइन सतत सोडलेलं असतं, त्यामुळं सक्शनच्या बाटलीतल्या आकड्यावरून खरं रक्त किती हे कळत नाही. आत किती सलाइन गेलं ते सिस्टरनं लिहिलंच पाहिजे, नाहीतर वजाबाकी कशातून करणार? श्वासासाठी घातलेली नळी कफवाली (फुगवता येणाऱ्या कड्याची) हवी, घशातला पॅक मोजून काढायला हवा.
मात्र पाच मिनिटं पॅक ठेवूनही रक्त थांबत नसेल, तर बहुतेकदा अर्धवट लोंबणारा तुकडा कारण असतो. तो न पाहता पुन्हा पॅक कोंबत राहणं धोक्याचं. श्वासाची नळी काढण्याआधी टाळूमागची गुठळीही समोर पाहूनच ओढून घ्या. ती श्वासनलिकेत उतरली तर मूल हातचं जाईल.

कान-नाक-घसा, बार्शी
मॅडम, लोंबणाऱ्या तुकड्याचं पटलं. सर, टाळूची फट असलेल्या केस मी दुर्बीण असलेल्या ठिकाणीच पाठवाव्यात हेही मान्य. बाकी मुलांत मात्र क्युरेटनं मोठा भाग, मग तपासणी, एवढाच क्रम ठेवू. ब्लेडनं सगळी गाठ काढायचा आग्रह नको. ब्लेडचं तोंड चुकून युस्टेशियन नळीच्या उंचवट्याकडं वळलं तर तिथं व्रण येऊन नळी आकसते, आणि ज्या कानासाठी ऑपरेशन केलं तोच बिघडतो.

कान-नाक-घसा, सोलापूर
क्रम मंजूर. ब्लेड फक्त उरलेल्या तुकड्यांपुरतं, आलटूनपालटून फिरणाऱ्या मोडवर, तोंड कायम मधल्या रेषेकडं. आरसा मात्र मला अजून मंजूर नाही. अक्कलकोट, मंगळवेढ्याहून आलेल्या आईबापांना त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा भूल द्यायला बोलावणं मला परवडणारं वाटत नाही.
आणि किशोरवयीन मुलगा, एका बाजूचं नाक बंद, वारंवार घोळणा फुटतो, असं असेल तर क्युरेट हातातही घेऊ नका. ओपीडीतच दुर्बिणीनं पाहा. ती गाठ अँजिओफायब्रोमा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) असू शकते, आणि ती खरवडली तर रक्त आवरत नाही.